हिरवट वास, हिरवा वास

आपल्या भाषेत 'हिरवट वास' ही तक्रार असते. उसळ नीट शिजली नाही, पिठलं कच्चं राहिलं, की घरात कोणीतरी नाक मुरडतंच, 'जरा हिरवट लागतंय बरं का!' मेसमध्ये तर हे वाक्य आठवड्यातून तीनदा ऐकू येतं (रविवारी फीस्ट असते म्हणून तेवढी सुट्टी). पण हाच शब्द परफ्यूमच्या काउंटरवर गेला की त्याचा भाव एकदम वधारतो. तिथे 'फ्रेश ग्रीन' म्हणजे कौतुक, आणि कौतुकाची किंमत साडेतीन हजार रुपये.

विषय निघाला तो प्लेसमेंटमुळे. माझा रूममेट वर्ध्याकडचा. आम्ही त्याला वर्धेकरच म्हणतो. अ‍ॅप्टिट्यूड झाली, जीडीची तयारी झाली, टाय कोणाचा घ्यायचा तेही ठरलं. मग विंगमधल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं की इंटरव्ह्यूला जाताना 'चांगला' वास यायला हवा, नाहीतर पॅनेलला हॉस्टेल कळतं. हॉस्टेल कळतं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. दोरीवर न वाळलेले शर्ट, मेसची फोडणी, डासांची कॉइल आणि चौघांत एक साबण. वर्धेकर हसला, पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, 'रविवारी तुझ्या घरी येतो बे. तिकडं मॉल आहे ना? एखादी बाटली पाहू.'

माझं घर दिंडोशीला, नागरी निवारा वसाहतीत. मेट्रोच्या दिंडोशी स्टेशनवर उतरलं की हायवेलगतच मॉल आहे. काउंटरवरच्या ताईंनी आम्हाला कागदाच्या पट्ट्यांवर सात-आठ वास दिले आणि चौथ्यानंतर दोघांचंही नाक बसलं. नाकाचा हा धर्मच आहे. सतत तोच वास आला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. (भरपूर स्प्रे मारून लिफ्टमध्ये शिरणाऱ्या सर्वांनी, यात स्टाफही आला, हे वाक्य पुन्हा वाचावं. तुम्हाला येत नसला तरी आम्हाला येतो.) त्यातल्या एका पट्टीवर मात्र वर्धेकर थांबला. पुन्हा हुंगलं. मग हळूच मला म्हणाला, 'अबे, हा तर आमच्या धुऱ्यावरच्या गवताचा वास आहे. निंदण झाल्यावर हाताले येते तो. याचे साडेतीन हजार काहून देऊ?'

त्याचं नाक शंभर टक्के बरोबर होतं. कापलेल्या गवताचा जो ताजा वास, तो मुख्यतः सहा कार्बनच्या छोट्या रेणूंचा. पान तुटलं, चिरडलं की त्यातली एन्झाइम्स पानातल्या मेदाम्लांवर काम सुरू करतात आणि काही सेकंदांत हेक्सेनॉल, हेक्सेनालसारखे रेणू हवेत सुटतात. शेजारच्या झाडांना त्यातून इशारा मिळतो. अळ्या खाणाऱ्या किड्यांना पत्ता लागतो. थोडक्यात, आपण ज्याला 'ताजं' म्हणतो तो पानाचा जखम झाल्याचा वास आहे. परफ्यूमवाले हाच हेक्सेनॉल कारखान्यात बनवतात आणि कणभर वापरतात.

दुसरा हिरवा माल म्हणजे गॅल्बेनम नावाचा डिंक. तो इराणकडून येतो आणि कोणाचा भाऊबंद आहे माहीत आहे? आपल्या हिंगाचा! दोघंही फेरुला या एकाच वंशातले. पॅरिसच्या बाल्मँ कंपनीसाठी जर्मेन सेलिए या बाईंनी १९४७ साली गॅल्बेनमचा भरपूर डोस घालून 'व्हाँ व्हेर', म्हणजे 'हिरवा वारा', नावाचं परफ्यूम केलं. हिरव्या परफ्यूमांच्या आजच्या घराण्याची ती आजी मानली जाते. आपल्या हॉस्टेलवरच्या निळ्या-हिरव्या स्प्रेंचा आजोबा जरा वेगळा, १९८८ चा डेव्हिडॉफचा 'कूल वॉटर'. त्यातला डायहायड्रोमिर्सेनॉल हा रेणू आधी साबण आणि डिटर्जंटमध्ये वापरला जायचा. म्हणून तर ते स्प्रे आपल्याला 'स्वच्छ' वाटतात. आपण धुतलेल्या कपड्याचा वास विकत घेतो, कपडे मात्र धुत नाही. असो.

जखमेचा वास हे दिंडोशीच्या माणसाला जरा लवकर कळतं. आमच्या एका अंगाला फिल्म सिटीचा डोंगर, त्याला लागून आरे. १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत वसली तेव्हापासून म्हशींच्या चाऱ्यासाठी तिथे गवत वाढवायचं आणि कापायचं हे चालत आलंय, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याने बसमधून जाताना खिडकीतून येणारा वास मला कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त आवडतो. पण ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी तिथे झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. मी तेव्हा शाळेत होतो. आज मी त्याच शहरातल्या मेट्रोने घरी जातो, त्यामुळे भाषण देत नाही. एवढंच म्हणतो की 'नुकतंच कापलेलं' हे माझ्यासाठी नुसतं जाहिरातीतलं विशेषण नाही.

तर, मॉलमधली हिरवी बाटली ही एक उमेदवार. ताईंनी भली मोठी नसली तरी एक नमुन्याची कुपी दिली, तीही हसून, आमच्या चपलांकडे न बघता. त्यांचे आभार.

दुसरा उमेदवार मी सुचवला. वाळा, म्हणजे खस. पुढच्या शनिवारी (रविवारी मेगाब्लॉक, हे हार्बरवाल्यांना सांगायला नको) गोरेगावहून मस्जिद बंदरची लोकल पकडली आणि मोहम्मद अली रोडवर गेलो. तिथल्या एका छोट्या दुकानात चाचांनी काचेच्या दांडीने दोघांच्या मनगटावर एक-एक रेघ ओढली. वर्धेकरने हात नाकाशी नेला आणि त्याचा चेहरा पडला. 'हा तर आमचा कूलर आहे.'

पुन्हा बरोबर! विदर्भात उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्या. खिडकीला लावायच्या, पाणी मारायचं, आणि आतला वारा गार आणि सुगंधी. कूलरलाही त्याच. माठात वाळ्याची जुडी, ग्लासात वाळ्याचं सरबत. मुंबईकराला जो वास 'नैसर्गिक, थंड, हटके' वाटतो तो त्याच्यासाठी पंचेचाळीस डिग्रीतली दुपार, बारावीचा अभ्यास आणि मधेच गेलेली लाइट. म्हणजे गंमत बघा. दोन फ्रेश ग्रीन वास निवडायला आम्ही मुंबईची दोन टोकं पालथी घातली आणि दोन्ही याच्या घरचे निघाले. एक धुऱ्यावरचा, एक खिडकीतला. आणि दोन्हींची त्याला थोडी लाज वाटली. मला विचाराल तर खरा प्रश्न तिथेच होता.

पण आपण इंजिनीअर (होणार आहोत, बॅकलॉग निघाले तर). त्यामुळे आधी प्रयोग. सोमवारी सकाळी आठ वाजता आंघोळीनंतर दोघांनी डाव्या मनगटावर मॉलची कुपी आणि उजव्यावर खस लावली, आणि दिवसभर वहीच्या मागच्या पानावर नोंदी केल्या. डावा हात पहिली पंधरा मिनिटं बहारदार. दव, पान, लिंबाची साल, सगळं एकदम. साडेनऊला तो सौम्य साबणावर आला. अकराला मी 'आहे' म्हणत होतो आणि वर्धेकर 'नाही'. दुपारी वर्कशॉपनंतर डाव्या हाताला फक्त कुलंटचा वास येत होता. उजवा हात अगदी उलटा. सुरुवात वाईट! ओलं गोणपाट, चिखल, आंबूस मूळ. बेंचवरच्या पार्टनरने विचारलं, 'भिजलास का रे?' पण दहा-साडेदहाच्या सुमारास तो उघडायला लागला. गवतही आणि गवताखालची मातीही, थोडा धूर, थोडी गोडी. पाच वाजता प्रॅक्टिकल संपलं तेव्हाही तो तिथेच होता, शांतपणे.

कारण सोपं आहे आणि फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलंच आहे. हेक्सेनॉलचा रेणुभार सुमारे १००, उत्कलनबिंदू दीडशेच्या थोडा वर. तो उडणारच. उडतो म्हणून तर झटकन नाकात येतो. वाळ्याच्या तेलातला खुसिमॉल पंधरा कार्बनचा, रेणुभार २२०. तो आळशी आहे, अंगाला चिकटून बसतो. अशा शंभराहून जास्त घटकांचं ते तेल आहे. म्हणूनच जगभरचे परफ्यूमवाले वाळ्याचं तेल खाली पाया म्हणून घालतात आणि हैती, जावाहून ते मागवतात. मॉलमध्ये 'व्हेटिव्हर' असं लिहिलेली बाटली दिसली तर दचकू नका, तो आपलाच वाळा. हे इंग्रजी-फ्रेंच नावसुद्धा तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलेलं आहे.

(सिव्हिलवाल्यांसाठी जाता जाता. या गवताची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, आणि त्यांची तन्यशक्ती सरासरी ७५ मेगापास्कलच्या आसपास मोजली गेली आहे. उतार धरून ठेवायला, मातीची धूप थांबवायला जगभर वाळ्याचे बांध घालतात. सेमिनारला विषय शोधणाऱ्यांनी घ्यावा.)

आता पैशांचं बोलू, कारण पालकांचे आहेत. पन्नास मिलीच्या बाटलीत एका फवाऱ्याला ०.१ मिली धरली तर पाचशे फवारे. रोज चार मारले तर सव्वाशे दिवस, म्हणजे दिवसाला २८ रुपये. वर्धेकरच्या मेसचं महिन्याचं बिल जवळपास त्या एका बाटलीएवढं. खसची तीन मिलीची कुपी दीडशेला मिळाली. रोज एकच रेघ ओढली तर सत्तर-पंचाहत्तर दिवस सहज, म्हणजे दिवसाला दोन रुपये. हिशेब संपला.

पण थांबा, दीडशे रुपयांत शुद्ध 'रूह खस' मिळाली असं कोणी समजू नये. कनौजला मुळं तांब्याच्या देगेत तासन्‌तास उकळून, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवून जी रूह काढतात तिची किंमत ऐकली तर मॉलची बाटली स्वस्त वाटेल. तांब्याच्या भांड्यामुळे त्या तेलाला गडद हिरवट छटाही येते. आपल्या बजेटमधल्या कुपीत थोडं तेल, थोडे कृत्रिम सुगंध आणि बाकी पातळ करणारं द्रव असतं. पूर्वी अत्तराला चंदनाच्या तेलाचा आधार असे. चंदन महागलं तसं तिथे पॅराफिनसारखं काहीतरी आलं. चाचांनी हे स्वतःहून सांगितलं, आणि वर म्हणाले, 'बेटा, जो एकदम तोते जैसा हरा हो, वो मत लेना.' वाळ्याचं मूळ तपकिरी असतं. सरबताचा तो पोपटी रंग डब्यातून येतो, मुळातून नाही.

एवढं सगळं वहीत मांडल्यावर विंगमध्ये निकाल काय लागला असेल? 'अत्तर लावून इंटरव्ह्यूला? गावठी वाटशील.' दुसरा म्हणाला, 'म्हाताऱ्यांचा वास आहे तो.' आणि तिसऱ्याने, नेहमी सर्वधर्मसमभावावर पोस्टर करणाऱ्याने, अत्तर म्हणजे 'त्यांचं' असतं असंही म्हणून दाखवलं.

या तिघांसाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. बाबांनो, आपल्या आज्यांच्या हळदीकुंकवात मनगटावर अत्तर लावल्याशिवाय बाई उंबऱ्याबाहेर जात नव्हती. लग्नात दारात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभं राहणं हा घरच्या पोरापोरींचा मान होता. जोतिबाला दवणा वाहतात, गजऱ्यात मोगऱ्याबरोबर मरवा गुंफतात. आपल्याकडे हिरव्या वासांची एवढी श्रीमंती आहे की 'ग्रीन' हे वेगळं खातं उघडायची गरजच पडली नाही. मग अत्तर नक्की कोणाचं? कनौजमध्ये काढलं, मोहम्मद अली रोडवर विकलं, सदाशिव पेठेत लावलं. आणि तेच मूळ पॅरिसच्या बाटलीत बसून आलं की 'सोफिस्टिकेटेड'! गावठी वास असा काही नसतो. गावाची लाज असते, तीही आपणच एकमेकांना शिकवतो, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, फुकट.

पॅनेलबद्दलही एक शंका आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाने सकाळपासून तीस पोरं पाहिलेली असतात, आणि त्यातल्या पंचवीस जणांनी तोच निळा स्प्रे मारलेला असतो. बंद एसी खोलीत त्या माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. माझं मत विचाराल तर इंटरव्ह्यूला आंघोळ, धुतलेला आणि पूर्ण वाळलेला शर्ट, बस्स. घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. कातडीवरचे जीवाणू त्यावर काम करतात तेव्हा तो येतो, आणि जीवाणूंना वाळाही कळत नाही आणि गॅल्बेनमही. लावायचंच असेल तर खसची एक रेघ, तीही निघण्याच्या दोन तास आधी. म्हणजे गोणपाटाचा प्रहर बसमध्ये संपतो आणि पॅनेलसमोर फक्त गवत आणि माती पोचते.

हिरव्या बाटलीवर माझा राग नाही, हेही सांगतो. पंधरा मिनिटांचं सुख हेही सुखच. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला जायचंय, फोटो काढायचेत, तासाभरात परत यायचंय, तर ती उत्तम. ज्याच्याकडे साडेतीन हजार स्वतःच्या कमाईचे आहेत त्याने जरूर घ्यावी. पण रोज आठ ते पाच कॉलेज, मग लायब्ररी, मग मेस असा ज्याचा दिवस आहे, त्याने पट्टीवरच्या पहिल्या पंधरा मिनिटांवर सौदा करू नये. दुकानात हातावर लावा, बिल न करता बाहेर पडा, वडापाव खा, दोन तास भटका, आणि मग मनगट हुंगा. दुकानदाराने कॉफीच्या बिया पुढे केल्या तर घ्या, पण स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली तरी नाक तेवढंच ताळ्यावर येतं. आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त वास नकोत.

वर्धेकरने शेवटी काय केलं हे विचारणारे बरेच भेटतात, म्हणून लिहितो. त्याने दोन्ही घेतले नाहीत. तीन मिलीची कुपी माझ्या पैशाची होती, ती माझ्याकडेच राहिली. तो दिवाळीला गावी गेला आणि येताना ट्रंकेत कपड्यांच्या घडीत वाळ्याच्या मुळांची एक जुडी घेऊन आला. आईने बांधून दिली होती, कसर लागू नये म्हणून. आमच्या कपाटाचं दार उघडलं की आता खोलीभर तो वास येतो. परवा अत्तराला गावठी म्हणणारा तो पहिला मित्र टाय परत मागायला आला, दारात थांबला आणि म्हणाला, 'मस्त फ्रेश वास येतोय रे, कुठला स्प्रे?' वर्धेकर म्हणाला, 'इम्पोर्टेड आहे बे. वर्ध्याहून.'